मान डोलावणारी काच

रफूचं काम करणारी माणसं सरळ बघत नाहीत, तिरकं बघतात. आमच्या आत्यांचंही तसंच. कापड खिडकीकडे धरायचं, मान डावीकडे कलती करायची, मग उजवीकडे, मग हनुवटी जरा खाली आणि पुन्हा वर. उजेड विणीवरून घसरत गेला पाहिजे, तेव्हा कुठे उभा धागा कुठे तुटलाय आणि आडवा कुठे, ते कळतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, या बाईंना कुठलंतरी गाणं ऐकू येतंय आणि त्या त्यावर डोलताहेत.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांचं लग्न ठरता ठरता राहिलं, आणि पुढे कोणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "आता वीण घट्ट बसलीये माझी, उगाच उसवू नका." कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या हे काम शिकल्या. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने विचारलं, काय हवं? आत्यांनी आपली खुर्ची मागितली. ती खुर्ची त्यांनी आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीशी ठेवली, आणि तेव्हापासून खुर्ची तिथे आणि आत्या खुर्चीत.

लोक कुठून कुठून येतात त्यांच्याकडे. कसर लागलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेला सूट, विडीने जळालेली कोटाची बाही. आत्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढतात आणि भोक भरत जातात, एक वर, एक खाली. काम झालं की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून ती जागा शोधत बसतं. आत्या मांडीवर हात ठेवून गप्प. गिऱ्हाईकाने हात टेकले की म्हणतात, "सापडलं असतं तर फुकट होतं हो." 

आता खिडकीबद्दल. ती घराइतकीच जुनी. लाकडी चौकट, दोन झडपा, आणि काच अशी, की ओतता ओतता कारागिराला डुलकी लागली असावी. एका झडपेच्या काचेत बरोबर मधोमध एक आडवी लाट होती. त्या लाटेतून रस्ता बघितला की सायकलवाला जाता जाता मध्येच जाड व्हायचा आणि पुन्हा बारीक. दिव्याचा खांब गुडघ्यात वाकायचा. पोस्टमनच्या डोक्यावर क्षणभर दुसरं डोकं उगवायचं आणि विरघळून जायचं. दुपारी ऊन कलतं झालं की ती लाट समोरच्या भिंतीवर उतरायची आणि हळूहळू सरकत जायची. मी मटार सोलत बसलेली, आत्यांची सुई वरखाली, आणि भिंतीवर ते पाण्यासारखं ऊन. अशा वेळी वाटायचं, आपण दोघी एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय, आणि वरून घरं, माणसं, झाडं तरंगत चाललीयेत. बोलावंसं वाटायचं नाही. बोललो असतो तर तोंडातून बुडबुडे निघाले असते.

पण थंडी यायची तीही याच खिडकीतून. झडपेच्या खाली मी जुनी चादर गुंडाळून ठेवायची, फटींमध्ये कापसाच्या वाती कोंबायची, तरी वारा कुठून ना कुठून बोट घालायचाच. सकाळी काचेवरून पाणी ओघळून चौकटीत मुरायचं. एकदा ह्यांनी स्क्रू काढण्यासाठी पेचकस टेकवला, तर तो खालच्या लाकडात पावात सुरी जावी तसा आत गेला. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "ही खिडकी नाहीये. हे भोक आहे, रंग दिलेलं."

त्या हिवाळ्यात आत्यांची बोटं आखडली. सुई धरली की अंगठा सरकायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हात गरम ठेवा, वाऱ्यात बसू नका. आत्यांनी कोपऱ्यातल्या दिव्याखाली बसून बघितलं, पण दिव्याचा उजेड कपड्यावर नुसता पसरतो, घसरत नाही. मान कितीही हलवली तरी वीण दिसेना. हातातली एक शाल त्यांनी तशीच परत पाठवली. "दुसरीकडे दाखवा," असं त्यांना म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर बराच वेळ त्या रिकामे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. काम नसलेले आत्यांचे हात मला बघवेनात.

म्हणून आम्ही खिडकीवाल्यांना बोलावलं.

ते गृहस्थ हसतमुख होते. टेप घेऊन घरभर फिरले, प्रत्येक चौकटीवर टकटक केली आणि प्रत्येक वेळी, डॉक्टरांनी करावं तसं, "हं" केलं. मग आकडा सांगितला. ह्यांचा चहाचा कप तोंडाशी गेलेला, तिथेच थांबला.

"एवढे?" हे म्हणाले. "आम्हाला खिडक्या हव्यात, हवेली नकोय."

"साहेब, दुहेरी काच आहे. मध्ये हवा कोंडलेली. घर गरम ठेवायला हीटरचं जे वीजबिल भरता ते कमी होईल, काही वर्षांत वसूल."

"काही म्हणजे किती?"

खिडकीवाले प्रामाणिक निघाले. "खरं सांगू? नुसत्या बिलावर वसूल व्हायला तुमची नातवंडं यावी लागतील. मागच्या खोल्यांच्या खिडक्या तशा ठीक आहेत, फटींना पट्ट्या लावल्या, काचेच्या कडांना लांबी नवीन भरली तरी आणखी बरीच वर्षं जातील. पण ही पुढची," त्यांनी आत्यांच्या खिडकीकडे बोट केलं, "हिचं लाकूड संपलंय. हिला काही लावण्यात अर्थ नाही. ही एवढी बदलाच."

मला हायसं वाटलं. एकच खिडकी, आणि तीही नेमकी हवी तीच. एवढं आम्हाला झेपलं असतं. मी आत्यांकडे बघितलं. त्या काहीतरी शिवत होत्या. म्हणजे शिवत असल्यासारखं दाखवत होत्या, सुईत दोरा नव्हता.

"माझी नको," आत्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या बदला."

"अगं आत्या, बाकीच्या चांगल्या आहेत!" हे म्हणाले.

"मग चांगल्याच बदल. माझी राहू दे. नवीन काचेतून रंग फिरतात. तपकिरी धागा हिरवट दिसतो."

खिडकीवाल्यांनी पिशवीतून नमुन्याच्या काचा काढल्या. त्यातली साधी, बिनरंगाची काच त्यांनी आत्यांसमोर धरली. आत्यांनी डब्यातून धाग्यांची रिळं काढली, काचेअलीकडे धरली, पलीकडे धरली, मान इकडे, मान तिकडे. रंग जसाच्या तसा होता. खोटं बोलणं आत्यांना जमत नाही, त्यांनी मुकाट्याने रिळं डब्यात ठेवली.

"मग ठरलं?" खिडकीवाले म्हणाले.

"नाही ठरलं," आत्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

हे कपाळावर हात मारून बसले. "जिच्यासाठी करायचं तिलाच नको! माणूस म्हातारं झालं की हट्टी होतं."

"तुम्ही तरुणपणापासूनच सुरुवात केलीत म्हणायची," मी म्हटलं. पण मलाही कळेना. दिवसभर बोटं चोळत बसणाऱ्या बाईला ऊब का नको असेल?

ते मला कळलं आत्यांच्या खुर्चीत बसल्यावर. आमच्याकडे त्या खुर्चीत कोणी बसत नाही. कोणी मनाई केलेली नाही, पण बसत नाही. त्या दिवशी आत्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, ह्यांच्याबरोबर. माझ्या ब्लाउजचं हूक तुटलं होतं, आणि उजेड तिथेच होता. बसले. सुईत दोरा ओवण्यासाठी मान खाली घातली, वर केली, आणि समोर बघितलं तर रस्त्यापलीकडचे घड्याळवाले मला बघून मान डोलावत होते.

घड्याळवाल्यांचं दुकान आमच्या दाराच्या बरोबर समोर. दुकान कसलं, काचेमागे एक टेबल, एक दिवा, आणि त्यावर वाकलेले ते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. माणूस अबोल. दुकानात गेलं तरी आपण काय बिघडलंय ते सांगायचं आणि त्यांनी ते कानाला लावून ऐकायचं, एवढंच. ते मला मान डोलावताहेत म्हटल्यावर मी गोंधळले. रीत म्हणून मीही मान डोलावली. त्यांनी लगेच पुन्हा डोलावली. मी थांबले. तेही थांबले.

मग माझ्या लक्षात आलं. मी मान अगदी हळू खाली नेली. ते हळू वाकले. वर आणली. ते वर आले. दोन्ही वेळा त्यांचे हात मात्र टेबलावर स्थिर होते, आणि भिंग घड्याळावरून हललंही नव्हतं. डोलत होती ती काच. आपली नजर लाटेच्या वरून खाली गेली की पलीकडचं डोकं लवायचं, एवढाच तो खेळ.

मी ती सुई तशीच हातात धरून बसून राहिले. आत्या दिवसभर मान हलवतात. त्यांचं कामच ते. म्हणजे इतकी वर्षं, रोज, सुईच्या प्रत्येक वरखालीला, समोरचा एक माणूस त्यांना मानेने "हो" म्हणत आलाय. आणि एक गोष्ट मला तेव्हाच आठवली. आत्यांच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ अधूनमधून बंद पडतं. दर वेळी त्या ते ह्यांच्याहाती समोर पाठवतात. स्वतः कधीही गेल्या नाहीत. रस्ता ओलांडायचा, तो काय!

ही खिडकी बदलली तर आत्यांना कळणार, की समोरच्याने कधी मान डोलावलीच नव्हती.

ह्यांना मी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर जेवताना पहिल्या घासालाच बाहेर पडलं असतं. मी एकटीच हिशेब घालत राहिले, आणि तो पैशांचा नव्हता. एका बाजूला आत्यांची बोटं, म्हणजे त्यांचं काम, म्हणजे एका अर्थी त्याच. दुसऱ्या बाजूला काचेतली एक सुरकुती. रात्री अंथरुणावर पडले की डोळ्यांसमोर ती लाट यायची, आणि तिच्यातून माझी सगळी ओळखीची माणसं एकेक करून मान डोलावत जायची. माझी आई, शाळेतल्या बाई, दूधवाला. त्यातलं खरं कोण डोलावत होतं आणि किती वेळा माझीच मान हलली होती, देव जाणे.

शेवटी मी खिडकीवाल्यांना फोन लावला. "पुढची खिडकी राहू द्या," म्हटलं. "तिला बाहेरून नुसता प्लास्टिकचा पडदा लावून मिळेल का?"

ते काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "का गं?"

आत्या दारात उभ्या होत्या. मी फोन ठेवला. 

"तुम्हीच नको म्हणालात ना, आत्या."

"मी नको म्हणाले. पण तू का नको म्हणतेस? परवापर्यंत तर माझ्या बोटांना तेल चोळत होतीस आणि खिडकीला शिव्या देत होतीस." त्या जवळ आल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, मान तिरकी करून, कापडाकडे बघतात तशा. "खुर्चीत बसली होतीस माझ्या."

"कशावरून?"

"उशी उलटी ठेवलीस."

त्या खुर्चीत बसल्या. बाहेर नजर न टाकता म्हणाल्या, "दिसलं?"

"हो."

"मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. मी काय खुळी आहे? दिवसभर तिरकं बघायचंच काम माझं. काच खोटं बोलते ते मला नाही कळणार?"

आता गोंधळायची पाळी माझी होती. "मग आत्या, माहीत होतं तर..."

"माहीत होतं म्हणून काय झालं? पाऊस पडतोय हे माहीत असलं म्हणून बघायचं सोडतो का आपण?" त्या बोटं चोळू लागल्या. "काच त्यांची मान डोलवायची. मग मीही डोलवायची. कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, माझं कामच ते, मान हलवायचं. कोणी विचारलं नाही म्हणा. पण आता नवी काच आली, सरळ, आणि मी मान डोलावली, तर ती मीच डोलावलेली असेल ना गं? मग कोणावर ढकलू?"

भिंतीवर ऊन सरकत होतं. त्या उन्हात आत्यांचा चेहरा मला एकदम कोवळा दिसला, शाळेच्या पहिल्या दिवशी मुली दिसतात तसा.

"आणि त्यांनी नाहीच डोलावली तर?" मी हळूच विचारलं.

"तेच तर."

आत्यांनी समोरच्या टेबलावरची कोणाचीशी शाल ओढली. सुई घेतली. अंगठा सरकेना. पुन्हा प्रयत्न केला. सुई खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही, मीही नाही.

"लाव फोन त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, ये. पण दुपारी ये. सकाळचा उजेड मला वापरायचाय."

खिडकीवाले आले तो दिवस मोकळा आणि गार होता. त्यांनी आधी झडपा काढल्या, मग चौकट. लाकूड हातात भुगा होऊन येत होतं. घराच्या पुढच्या भिंतीला एक मोठं चौकोनी भोक पडलं, आणि रस्ता सरळ आमच्या खोलीत आला. त्याचे आवाज, धूळ, वाळलेली दोन पानं. आम्ही आत्यांना किती सांगितलं, आत बसा. त्या शाल लपेटून, डोक्याला रुमाल बांधून, आपल्या खुर्चीतच.

"चित्रपट लागलाय का आत्या, पहिल्या रांगेत बसायला?" ह्यांनी विचारलं.

"तू आपलं काम कर सोन्या. त्या माणसाला चहा विचार."

हे चहा सांगायला माझ्याकडे वळले, म्हणून पुढचं फक्त मला दिसलं. ठोकाठोकीच्या आवाजाने समोर घड्याळवाल्यांनी डोकं वर केलं. मध्ये काच नव्हती, लाट नव्हती, नुसता रस्ता. आत्यांनी हातातलं सगळं खाली ठेवलं, म्हणजे कामाचं निमित्त नको. आणि मान डोलावली. एकदाच, नीट.

घड्याळवाले क्षणभर आमच्याकडे तोंड करून राहिले, आणि पुन्हा टेबलावर वाकले.

मी पटकन आत्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, डोळ्याला भिंग होतं हो त्यांच्या. लांबचं काय दिसणार कप्पाळ?"

"हो हो," आत्या म्हणाल्या. "असेल." आणि शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

नवी खिडकी बसली. पहिल्या संध्याकाळीच फरक कळला. खोलीत ऊब थांबायला लागली, पाहुणा येऊन टेकावा तशी. चादरीची गुंडाळी मी धुऊन कपाटात ठेवली. आत्यांची बोटं काही दिवसांत मोकळी झाली, परत पाठवलेली शाल त्यांनी निरोप पाठवून पुन्हा मागवली. हे येता-जाता खिडकीला हात लावून म्हणायचे, "नातवंडं कशाला, आत्ताच वसूल झाले."

पण भिंतीवर पाणी उतरेना. ऊन यायचं ते सरळ, चौकोनी, इस्त्री केल्यासारखं. खांब ताठ उभा, पोस्टमनला एकच डोकं. आणि आत्या बाहेर बघत नव्हत्या. कापड उजेडाला धरायचं तेव्हाही नजर कापडावरच. मला वाटलं, बोटं मिळाली पण काहीतरी गेलं. हा व्यवहार बरोबर झाला की चुकला, ते मला ठरवता येईना.

मग एक दुपार आली. मी तिथेच कपडे घडी करत होते. आत्यांनी शालीचं भोक भरून आणलं होतं, शेवटचे दोन-चार धागे उरले होते. समोर घड्याळवाल्यांनी भिंग कपाळावर सरकवलं, दोन्ही हातांनी डोळे चोळले आणि रस्त्यापलीकडे बघितलं. आत्यांची नजरही नेमकी तेव्हाच उचलली गेली. सुई अर्ध्यात थांबली.

घड्याळवाल्यांनी मान डोलावली. जरा चाचरत, बंद घड्याळ हलवून बघावं तशी.

आत्या श्वास रोखून बसल्या होत्या. तशाच, मान न वळवता, मला म्हणाल्या, "ए, मी हलले नव्हते."

"नाही."

"अगदी स्थिर होते मी. बघितलंस ना तू?"

"बघितलं, आत्या."

त्यांनी उरलेले धागे भरले. घाई केली नाही. शाल उजेडात धरली, मान डावीकडे, उजवीकडे, हनुवटी खाली, वर. मग शालीची घडी केली, उठल्या, केसांवरून हात फिरवला आणि मनगटावरचं घड्याळ सोडून रुमालात गुंडाळलं.

"हे बंद पडलंय," त्या म्हणाल्या. "समोर दाखवून येते."

आतून हे ओरडले, "दे आत्या, मी जाणारच आहे बाहेर, देऊन येतो!"

"तू बस गप्प. मला पाय आहेत." त्यांनी चपला घातल्या.

पूर्वी या खोलीत सायकलींच्या घंटा, फेरीवाले, वारा, सगळं एकदम भरलेलं असायचं. आता दुहेरी काचेमागे इतकी शांतता होती, की त्या माझ्या शेजारून गेल्या तेव्हा रुमालातल्या घड्याळाची टिकटिक मला स्वच्छ ऐकू आली. 

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि रस्ता ओलांडला. कुठेही न वाकता, जाड-बारीक न होता.